खाकी कागदावरचं पाऊल

माझ्याकडे अजून एक खाकी कागद आहे. सिमेंटच्या गोणीचा, चार घड्या घातलेला, हात लावला की कडांचा भुगा पडतो. त्यावर शिसपेन्सिलीनं काढलेला एका बाईच्या उजव्या पायाचा आकार आहे आणि टाचेच्या जागी रुपयाएवढा पिवळट डाग आहे. आकार मी काढला. डाग पडत होता तेव्हाही मी तिथेच बसलो होतो, पेन्सिल हातात धरून.

नव्वदीची सुरुवात होती. बदलापूरला कात्रपच्या बाजूला भातखाचरं बुजवून चार मजल्यांच्या इमारती उठायला लागल्या होत्या. अंबरनाथचा वडिलांचा कारखाना बंद पडून दोन वर्षं झाली होती. ते दिवसभर कॉटवर बसून छपराकडे बघायचे. घर आईवर चालायचं. ती उल्हासनगरला सरकारी दवाखान्यात आया होती. मी बी.कॉम.चं दुसरं वर्ष अर्धवट सोडून एका बांधकाम कंपनीत हजेरी घेणारा कारकून म्हणून लागलो. कंपनी म्हणजे काय, उल्हासनगर कॅम्प एकमध्ये एका कापडाच्या दुकानावर दोन खोल्या, एक फोन आणि भिंतीवर नकाशे. पण धाकटे शेठ तिला कंपनीच म्हणायचे आणि आम्हीही म्हणायचो. गाढवाला घोडा म्हटलं की तो जरा ताठ चालतो.

हे धाकटे शेठ माझ्याच वयाचे. वाईट माणूस मुळीच नव्हे, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून सगळे त्यांच्याकडेच बोट दाखवतात. ते अंबरनाथला एका कारखान्यात कामानिमित्त गेले होते. तिथं फाटकावर 'अपघाताविना इतके दिवस' असा बोर्ड त्यांनी पाहिला आणि त्यांच्या डोक्यानं घेतलं. आठ दिवसांत आमच्या साइटवर तीन बोर्ड लागले. पहिल्यावर रंगानं लिहिलं होतं, 'काहीही वाया जाणार नाही.' दुसऱ्यावर, 'अपघाताविना दिवस' आणि खाली खडूनं आकडा लिहायला काळी चौकट. तिसऱ्यावर, 'कामगारांचं समाधान हेच आमचं समाधान', आणि त्याखाली तक्रारपेटी. पेटीला कुलूप होतं. साइटवर साठ माणसं, त्यांतली पन्नासएक निरक्षर. तक्रार लिहायची तर ती माझ्याकडूनच लिहून घ्यायची, मग मीच ती पेटीत टाकायची आणि महिन्याच्या शेवटी मीच कुलूप काढून मोजायची. तक्रारी दर महिन्याला शून्य निघायच्या. तसा अहवाल मी सुवाच्य अक्षरात लिहून कॅम्प एकला नेऊन द्यायचो. शेठ खूश व्हायचे. मीही व्हायचो.

वाया जाऊ द्यायचं नाही ते मात्र आम्ही खरंच पाळलं. स्लॅबवर मारलेलं पाणी खाली हौदात उतरवून परत वापरायचो. कुंपणाला करंजाची रोपं लावली, त्यांना तेच पाणी. स्लॅबखालच्या जुन्या फळ्या उतरवून पुढच्या इमारतीला जायच्या आणि त्यांतले खिळे उपटून, दगडावर ठेवून, हातोडीनं सरळ केले जायचे. दुपारच्या भाकरीनंतर बायका गोल बसून खिळे ठोकायच्या. टिक टिक टिक असा आवाज अख्ख्या साइटवर यायचा. जो खिळा पटकन निघायचा नाही तो फळीतच राहायचा. पुढं बघू म्हणून.

दुसऱ्या बोर्डाच्या वेळी शेठनी मला बोलावून विचारलं होतं, "अपघात किसको बोलेंगे? रोज किसी को कुछ लगता ही है. तू पढा-लिखा आहेस, तू सांग."

मी क्षणभरही विचार केला नाही. म्हणालो, "डॉक्टरकडे न्यावं लागलं तर अपघात. नाहीतर नाही."

"एकदम बरोबर. लिहून टाक."

मी लिहून टाकलं. मला त्या वाक्याचा इतका अभिमान वाटला की घरी जाऊन वडिलांनाही सांगितलं. त्यांच्या कारखान्यात असं सोपं करून कुणी लिहिलं नव्हतं म्हणाले. आयुष्यात मी पुष्कळ मूर्खपणा केला, पण त्या वाक्याइतका हुशार मूर्खपणा दुसरा नाही.

बोर्ड शंभरावर गेला की साइटवरच्या प्रत्येकाला गमबूट मिळणार होते. चिखलात, चुन्यात, सिमेंटच्या पाण्यात अनवाणी किंवा फाटक्या चपलांत राबणाऱ्या माणसांना बूट. तेव्हा आमच्यापैकी कुणालाही हे उलटं वाटलं नाही. पायाला लागू नये म्हणून बूट हवेत आणि शंभर दिवस कुणाला लागलं नाही तर बूट मिळतील, हे मी स्वतः लोकांना समजावून सांगितलं, आणि त्यांनी माना डोलावल्या. मलाही शेठनी बोलता बोलता सांगितलं होतं, शंभर होऊ देत, तुला कायम करतो, ऑफिसात बसवतो. मी घरी हेही सांगून ठेवलं होतं. तेव्हापासून वडील रोज संध्याकाळी मी दारात चप्पल काढायच्या आत विचारायचे, "आज किती?"

पहिल्या खेपेला आकडा एकतिसावर असताना एका गवंड्याचं बोट दगडाखाली आलं. रक्त थांबेना म्हणून मी त्याला डॉक्टरकडे नेलं आणि दुसऱ्या दिवशी चौकटीत शून्य लिहिलं. त्या गवंड्याशी साइटवर आठ दिवस कुणी धड बोललं नाही. त्याच्या डब्याशेजारी कुणी डबा उघडेना. मुकादम त्याला सगळ्यांदेखत म्हणाला, "तुझं एक बोट आणि साठ माणसांचे बूट." त्यानंतर साइटवर कुणाला काही लागलं की ते आधी लपवलं जाऊ लागलं. चुना, हळद, विडीची राख. बोर्ड राखायचा म्हणजे पोटच्या पोरासारखा राखायचा, असं चाललं होतं.

कागदावरचं पाऊल जिचं, ती चामटोलीच्या पलीकडच्या ठाकूरवाडीतून यायची. वाडीवरच्या पाचसहा बायका एका रांगेत चालत यायच्या, त्यांत ती सगळ्यांत पुढं. माझ्याच वयाची असेल, दोन-तीन वर्षं इकडं तिकडं. डोक्यावर घमेलं घेऊन परांचीवरून जाताना हात सोडून चालायची आणि वरून मला हाक मारायची, "मास्तर, आज किती झाला?" आकडा खडूनं लिहितो म्हणून मी मास्तर. मी सांगितलं की ती तो मागच्या बायांना सांगायची, त्या त्यांच्या मागच्यांना. माझ्या आयुष्यात तेवढ्या आतुरतेनं माझ्या अक्षराची वाट कुणी पाहिली नाही.

चौऱ्याऐंशीव्या दिवशी खिळा तिच्या टाचेत गेला. उतरवलेल्या फळ्यांच्या ढिगावरून चालताना. मी जवळच उभा होतो. तिनं फळीवर दुसरा पाय रोवला, पहिला पाय ओढून काढला आणि खाली बसली. खिळा गंजलेला, बोटाच्या एका पेराएवढा आत गेलेला. रक्त फार आलं नाही. आलं असतं तर जखम धुतली गेली असती, बरं झालं असतं, असं पुढं आई म्हणाली.

मी म्हणालो, "चल, गावात डॉक्टरकडे जाऊ."

तिनं हात जोडले. खरंच जोडले. "नको मास्तर. मना काय झाला नाय. खिला व्हता, निंगाला. तुमी बोर्ड पुसाल तर या बाया मना खातील."

मुकादम आला. टाच बघितली न बघितली आणि म्हणाला, "सोळा दिवस राहिलेत, मास्तर. खिळा तर रोजचाच आहे. हळद भरा, झालं."

हळद भरली. ती उठली, चारपाच पावलं लंगडली आणि मग लंगडणं लपवून घमेलं उचलायला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौकटीत पंच्याऐंशी लिहिलं. मी तिला ओढत न्यायला हवं होतं. शेठना फोन करायला हवा होता. मला हे तेव्हाही कळत होतं. ज्याला कळत नाही त्याला निदान ते एक सुख असतं.

कळत होतं म्हणूनच त्या संध्याकाळी मी आईला विचारलं. ती भाकऱ्या थापत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "गंजका खिळा लागला तर काय करतात गं?"

"धनुर्वाताची सुई देतात. तिथल्या तिथं." मग तिचा हात थांबला. "कुणाला लागला?"

"साइटवर एकीला."

"सुई दिली ना?"

मी म्हणालो, "दिली."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. दवाखान्यात वीस वर्षं काढलेली बाई, एरवी कुणाचं ऐकून गप्प न बसणारी, पण माझं म्हणणं तिनं जसंच्या तसं घेतलं. दर रविवारी आम्ही दोघं विहारात जायचो. पंचशील म्हणताना तिचा आवाज सगळ्या बायांत वर असायचा आणि चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, ती हमखास माझ्याकडे एकदा बघून घ्यायची. लहानपणापासूनची सवय. त्या रविवारीही बघितलं तिनं. मीही म्हटलं सगळ्यांबरोबर, न अडखळता.

अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी बुटांची मापं घ्यायची ठरली. आपल्या पायाचा नंबर कुणालाच ठाऊक नव्हता, म्हणून मी शक्कल काढली. रिकाम्या गोण्यांचा खाकी कागद फाडून घेतला, एकेकाला त्यावर उजवा पाय ठेवायला लावला आणि भोवतीनं पेन्सिल फिरवली. त्या दिवशी साइटवर नुसती जत्रा होती. पेन्सिल बोटांच्या बेचक्यात गेली की बायका गुदगुल्यांनी पदर तोंडात कोंबून हसायच्या. मुकादमाचा पाय कागदात मावेना, तेव्हा म्हाताऱ्या बिगाऱ्यानं त्याला दोन गोण्या लागतील म्हणून सांगितलं. इतकी हसलेली माणसं मी त्या साइटवर पुन्हा पाहिली नाहीत. समाधानाचा अहवाल लिहायचा तर त्याच दिवशी लिहायला हवा होता.

तिची पाळी आली. तिनं डावा पाय पुढं केला.

मी म्हणालो, "उजवा."

"डावा घ्या ना, मास्तर. दोन्ही सारखंच."

"सगळ्यांचा उजवा घेतलाय."

तिनं उजवा ठेवला. टाच सुजलेली होती. मी पेन्सिल फिरवत टाचेशी आलो तेव्हा कागद ओला झालेला दिसला. हळदीखालून पाणी येत होतं. मी वर पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती आणि तिनं मान अगदी थोडी हलवली, नाही अशी. पाय माझ्या हातात होता. तो गरम लागत होता. मी पेन्सिल पुढं नेली, आकार पुरा केला आणि कोपऱ्यात तिचा हजेरीतला आकडा लिहिला. मागची बाई पुढं सरकली.

मापांचा गठ्ठा घेऊन मी कॅम्प एकला गेलो. बुटांच्या दुकानातल्या म्हाताऱ्या सिंधी मालकानं एकेक कागद काउंटरवर पसरून पट्टीनं मोजला. तिच्या कागदाशी थांबला. "ये क्या गिराया, चाय?" मी हो म्हणालो. त्यानं डागावर बोट ठेवून पाहिलं, बोट विजारीला पुसलं आणि नंबर लिहून घेतला.

त्र्याण्णवाव्या दिवशी दुपारी तिला भाकरी खाता येईना. तोंड पुरतं उघडत नव्हतं. बाया म्हणाल्या, दाढ धरली असेल. कुणीतरी लवंग दिली, ती दातांच्या फटीतून आत सारावी लागली. मी लांबून पाहिलं. आईच्या तोंडून मी हे लहानपणापासून ऐकलेलं होतं, धनुर्वातात आधी जबडा धरतो म्हणून. पण मी स्वतःला म्हणालो, दाढच असेल. माणूस स्वतःशी बोलायला लागला की त्याला बाहेरचं ऐकू येत नाही. मी हजेरीवही घेऊन पलीकडच्या इमारतीवर निघून गेलो.

चौऱ्याण्णवाव्या दिवशी ती आली नाही. पंच्याण्णवाव्यालाही नाही. तिच्या वाडीतल्या बाईनं सांगितलं, "दात बसलंन तिचं. भगताकडं नेलीय." तेव्हा कुठं मी मुकादमाची सायकल ओढून घेतली आणि निघालो. चामटोली मागं टाकून वाडीवर पोचलो तर ती ओसरीवर होती, आडवी, पाठ कमानीसारखी उचललेली. सासू तिचे हात धरून बसली होती. मला बघून तिनं हसायचा प्रयत्न केला की तो आजारच तसा चेहरा करतो, कोण जाणे. तिला बोलता येत नव्हतं. मी सासूला म्हणालो, दवाखान्यात न्यायचं, आत्ता. सासूनं एकच विचारलं, "मंग बोर्ड?" तिच्या घरातसुद्धा तो बोर्ड पोचला होता.

वीटभट्टीचा टेम्पो मिळाला. वाटेत प्रत्येक खड्ड्याला तिचं अंग ताठ व्हायचं. मी तिला आईच्या दवाखान्यात नेलं, कारण दुसरीकडे कुठं न्यायचं मला सुचलं नाही आणि खरं सांगायचं तर मला आई हवी होती. बावीस वर्षांचा घोडा, पण आई हवी होती.

आई वॉर्डच्या दारात होती. तिनं आधी चेहरा पाहिला, मग काही न विचारता पायाकडे गेली आणि टाच उलटी करून बघितली. डॉक्टर आले, तिला आत घेतलं. आई परत बाहेर आली. अगदी हळू आवाजात, नेहमीच्या आवाजापेक्षाही हळू, म्हणाली, "तू दिली म्हणाला होतास."

ती दोन क्षण थांबली, मग आत गेली.

त्या रोग्याला अंधार लागतो. उजेड किंवा आवाज झाला की झटका येतो. खिडक्यांना काळं कापड लावलेली एक खोली होती, तिथं तिला ठेवलं. आई आपली पाळी संपल्यावरही तिथंच थांबायची, पायातल्या चपला काढून, आवाज होऊ नये म्हणून. डॉक्टरांनी आणि तिथल्या सगळ्यांनी जे करता येतं ते केलं. उशीर आमचा होता. मी बाहेर बाकड्यावर सासूशेजारी बसायचो. सासूनं मला एकदाही शिवी दिली नाही. दिली असती तर मी पाय धरले असते. तिनं मला आपल्याकडची अर्धी भाकरी दिली आणि मी ती खाल्ली.

अठ्ठ्याण्णवाव्या दिवशी सकाळी ती गेली.

शेठनी मला बोलावून घेतलं. खरंच अस्वस्थ झाले होते. "साइटवर झालं का?" त्यांनी विचारलं. मुकादम माझ्या शेजारी उभा होता. बाहेर बुटांची खोकी येऊन पडली होती. वडील संध्याकाळी दारात विचारणार होते. मी म्हणालो, "वाडीवर आजारी पडली, शेठ."

"मुझे बोलना था ना. मी माझ्या गाडीतून नेली असती."

नेली असती. मला शंभर टक्के खात्री आहे. चौऱ्याऐंशीव्या दिवशी सांगितलं असतं तरी नेली असती, बोर्ड पुसला गेला तरी. आम्ही कुणी विचारलंच नव्हतं.

शंभराव्या दिवशी मी चौकट ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसली आणि शंभर लिहिलं. दोन्ही शून्यं गोल आली. शेठनी नारळ फोडला, पेढे वाटले, एकेकाला हाक मारून बूट दिले. वाडीवरच्या बायका एका रांगेत बूट घालून उभ्या राहिल्या आणि त्यांतली एकही हसली नाही. पुढची जागा त्यांनी रिकामी सोडली होती. शेवटी एक जोड उरला. मुकादम म्हणाला, "कुणाला तरी बसतील." ते कुणी घेतले मला माहीत नाही. मी बघितलं नाही. मापांचे कागद जाळायला काढले होते, त्यांतला एक मी खिशात घातला.

महिन्याभरात मला कायम केलं. कॅम्प एकला टेबल मिळालं, डोक्यावर पंखा. वडील कॉटवरून उठून पहिल्यांदा बाहेर गेले आणि चाळीत पेढे वाटून आले. त्यातला पेढा आईनं घेतला नाही. तोंड गोड नको आज, एवढंच म्हणाली. पुढं ती माझ्याशी नीट वागायची, डबा द्यायची, आजारी पडलो तर कपाळावर हात ठेवायची. विहारात मात्र चौथ्या शीलाला माझ्याकडे बघायची थांबली. समोर बघून म्हणायची. मी तिच्याकडे बघायचो.

काही वर्षांनी तिच्या पोटात गाठ निघाली. तपासण्या मीच करून घेतल्या, रिपोर्ट मीच आणला. डॉक्टर आशा आहे म्हणाले होते, आणि ते खरं होतं. मी घरी येऊन तिच्या उशाशी बसलो आणि सगळं सांगितलं, एक शब्दही न गाळता, एक शब्दही न वाढवता. म्हणालो, "बरी होशील, आई. डॉक्टर स्वतः म्हणाले."

तिनं माझा हात थोपटला. मग रिपोर्टचा लिफाफा माझ्या हातातून घेतला, भिंतीला धरून उठली आणि शेजारच्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडून तो वाचून घ्यायला गेली.